रिटायरमेंटचं घर आणि संडासाची वाट

इंग्लंडमध्ये २५ ऑक्टोबर १९९९ पासून नवीन घरांना एक नियम लागू झाला. माणूस बाहेरून ज्या मजल्यावर येतो त्याच मजल्यावर संडास हवा आणि मुख्य दारातून व्हीलचेअर आत जायला हवी. उंबरा जास्तीत जास्त १५ मिलिमीटर. चकित करणारी गोष्ट ही, की नियम करताना घरमालकाच्या म्हाताऱ्या आईवडिलांपेक्षा घरी येणाऱ्या पाहुण्याचा विचार आधी होता. पाहुणचारात आपल्या गावांचा हात कोणी धरू शकत नाही. तरीही गुडघे गेलेल्या पाहुण्याला आपण छपरीतच चहा देतो, कारण आत जायला पाच पायऱ्या आणि संडास परसात.

विदर्भातलं दारव्हा गाव असो, मूल असो की मोर्शी, ५८ व्या वर्षी रिटायर झालेला माणूस ग्रॅच्युइटीच्या पैशातून घर बांधतो तेव्हा सगळी चर्चा एलिव्हेशनची आणि वरच्या मजल्याची. वरचा मजला बहुतेकदा बाहेर असलेल्या मुलांसाठी. या मजल्यामुळे खालची खोली उन्हापासून वाचते, हे खरं. पण तेच काम स्लॅबवर पांढऱ्या चायना मोझाईकचा थर देऊन बऱ्याच कमी खर्चात होतं. उरलेला पैसा तळमजल्यावरच्या बाथरूमला लावा.

घर विकत घ्या की बांधा, पहिलं माप पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेचं घ्या. रात्री दोन वाजता, लाइन गेलेली असताना, बीपीची गोळी खाणारा पंचाहत्तर वर्षांचा माणूस त्या वाटेने कसा जाईल? आपल्याकडे बाथरूमला अडीच फुटांचं दार लावतात. चौकट आणि पल्ला वजा जाता सव्वादोन फूट मोकळे उरतात, आणि साधी व्हीलचेअरच २५-२६ इंच रुंद असते. चाकावरचा हात घासणारच. चौकट तीन फुटांची मागा आणि दार बाहेर उघडणारं करा. माणूस आत पडला की आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं, मग ते तोडावं लागतं. कडीही बाहेरून उघडता येईल अशी हवी.

मिस्त्री बाथरूमच्या तोंडाशी तीन-चार इंचांचा कट्टा ठेवतो, पाणी खोलीत येऊ नये म्हणून. ते काम उतारानेही होतं. भराव टाकतानाच बाथरूमचा भाग खाली घ्या, दारापासून जाळीकडे दर फुटाला चार मिलिमीटर उतार द्या आणि जाळी दारापासून सगळ्यात लांबच्या भिंतीशी बसवा. फरशी खरबरीतच. चकचकीत व्हिट्रिफाइड टाइलवर साबणाचं पाणी सांडलं तर तरणा माणूससुद्धा सटकतो.

कमोडची सीट १७-१८ इंच उंच घ्या, दुकानात समोर मांडलेली असते ती बरेचदा याहून बुटकी असते. जुन्या घरात भारतीय भांडं काढून कमोड बसवायचा असेल तर भिंतीपासून मैल्याच्या पाइपच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजून मगच दुकानात जा, नाहीतर ट्रॅपपर्यंत सगळं फोडावं लागतं. बाजूची भिंत नऊ इंची विटेची हवी. साडेचार इंची भिंतीत प्लगने ठोकलेला दांडा पूर्ण वजन पडलं की प्लगसकट निघतो, आणि धरणारा त्याच्यासोबत खाली येतो. दांडा स्टीलचा, ३२ मिलिमीटर जाडीचा, जमिनीपासून सव्वादोन ते अडीच फुटांवर, भिंतीपासून बोटं फिरतील इतका सुटा. आज दांड्याची गरज नसेल, तरी भिंत मात्र आजच तशी बांधा.

इथल्या, म्हणजे इंग्लंडच्या, अपंगांसाठीच्या सार्वजनिक संडासात एक लाल दोरी असते, मदतीसाठी ओढायची. तिला दोन लाल कड्या असतात. एक बसलेल्याच्या हाताशी, दुसरी जमिनीपासून फक्त १०० मिलिमीटरवर, कारण पडलेला माणूस उठून बेल दाबू शकत नाही. इतका बारीक विचार करणाऱ्याला नमस्कारच करावा. आपल्याकडे हे बिनतारी डोअरबेलने होतं. पाणी न शिरणारं बटण कमोडजवळ वीतभर उंचीवर चिकटवा आणि बेल शेजाऱ्याच्या घरात लावा. सेल दर सहा महिन्यांनी बदला. हे गावात जमतं, कारण बेल वाजली की धावत येणारा शेजारी तिथे आहे. इंग्लंडच्या जुन्या चाळवजा घरांत बाथरूम वरच्या मजल्यावर असतं, जिन्याला विजेवर सरकणारी खुर्ची बसवून म्हातारी माणसं वर जातात, आणि जानेवारीत बंद दारामागे कोण कसं आहे हे शेजाऱ्याला कळत नाही. नियम त्यांचे चांगले, माणसं आपली.

आता पायऱ्या. आपल्याकडे जोत्याला दोन फूट उंची लागतेच, पाऊस आणि विंचूकाट्यामुळे. पण दोन फुटांना १:१२ चा उतार काढला तर २४ फूट लांबी लागते. गावातल्या अंगणात तेवढी जागा निघते, तालुक्याच्या लेआउटमधल्या ३० बाय ५० च्या प्लॉटवर निघत नाही. उतार काढलाच तर मधे सपाट टप्पा ठेवा. जागा नसेल तर पायरी सहा इंच उंच, बारा इंच रुंद, आणि दोन्ही बाजूंना कठडा.

जुन्या लोकांनी गावठाण पांढरीवर वसवलं आणि काळी पेरायला ठेवली. आज लेआउट पडतात ते काळ्या शेतात. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. मग भिंतीला तिरपी चीर जाते, दारं अडकतात आणि फरशीचा एखादा तुकडा अर्धा इंच वर येतो. ठेच लागायला तेवढं पुरतं. प्लॉट घेण्याआधी खड्डा खणून मुरूम किती खोल लागतो ते बघा. फार खोल असेल तर साधा पाया नको, इंजिनिअरकडून अंडर-रीम्ड पाइलचा, म्हणजे तळाशी फुगीर केलेल्या खोल खांबांचा, हिशेब करून घ्या.

निजायची खोली पूर्वेला किंवा उत्तरेला. पश्चिमेची भिंत संडास-कोठीला द्या. मे महिन्यात छतावरच्या काळ्या टाकीतलं दुपारचं पाणी हात पोळण्याइतकं तापतं, टाकीवर सावली हवीच. १५० एएचच्या इन्व्हर्टरवर एक बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा आणि दोन दिवे रात्र आरामात काढतात. कूलरही त्यावर टाकला तर पहाटेआधीच बॅटरी बसते.

पाणी तपासल्याशिवाय बयाणा देऊ नका. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअर खारं लागतं, यवतमाळ-चंद्रपुरात काही गावांत फ्लोराइड. फ्लोराइडची कमाल मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम, नायट्रेटची ४५.

दवाखान्याचं अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका. लकव्यात रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत लागतं आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. गावापासून सेवाग्राम, यवतमाळ, अकोला किंवा चंद्रपूर, जे जवळ असेल तिथे भरपावसातल्या रात्री किती वेळात पोहोचता येतं ते पाहा. वाटेतल्या नाल्यावर पूल आहे की रपटा, हे चौकात कोणीही सांगतो.

आम्ही बाहेर राहणारे दुरून सल्ले देतो, असं म्हणतात. पैसे पाठवतो तेही दुरूनच, आणि रोज ओलांडायचा उंबरा घरातल्यांच्या नजरेत येत नाही, म्हणून हे सांगायला हवं. अनिवासी भारतीयाला शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही, वारसाने मिळू शकतं. म्हणून मुलाच्या नावाने घ्यायचं तर अकृषक प्लॉटच घ्या. सातबारा भोगवटादार वर्ग २ चा असेल तर विक्रीला परवानगी लागते का ते तलाठ्याकडे आधी विचारा. गावठाणातलं घर असेल तर स्वामित्व योजनेतली मालकीची सनद बघा, नुसत्या ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नमुना ८ वर विसंबू नका.

सगळ्यात चांगलं म्हणजे घर स्वतःच्याच नावावर ठेवा आणि मृत्युपत्र करा. बक्षीसपत्र करायचंच असेल तर त्यात सांभाळ करण्याची अट लिहूनच सही करा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे ती अट मोडली तर न्यायाधिकरण बक्षीसपत्र रद्द ठरवू शकतं. अट लिहिलेली नसेल तर भांडण लांबतं, आणि ते लढायची ताकद त्या वयात उरलेली नसते.