निळ्याचा हिरवा झाला तेव्हा

लालबागला तळमजल्यावर माझं छोटं वर्कशॉप आहे. वडील फर्निचरला चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश करायचे, मी गिटार बनवतो. त्या जुलैत टेबलावर ठाण्याच्या एका पोराची गिटार होती. वरची फळी फ्लेम मेपल लाकडाची, रंग गडद निळा. "पण लाकूड दिसलं पाहिजे हां, दादा."

लाकूड दिसायचं तर पेंट उपयोगाचा नाही. त्याचे कण वर बसून रेषा झाकतात. डाय विरघळलेला असतो, तो तंतूंत शिरतो. या मेपलचे तंतू लाटांसारखे वरखाली जातात. त्यांची टोकं जिथे वर येतात तिथे लाकूड जास्त रंग पितं, आणि वाघासारखे पट्टे उठतात. ते उठावे म्हणून आधी पातळ काळा डाय चोळला, सुकल्यावर ३२०च्या सँडपेपरने घासून काढला. काळं उरलं ते पट्ट्यांतच. मग त्यावर निळा. ओला होता तोवर नुसता चमकत होता. सुकला की मात्र राखेसारखा मंद पडतो. (गिऱ्हाइकाला या अवस्थेत गिटार मी कधीच दाखवत नाही.)

लॅकरच्या, म्हणजे शेवटच्या चकचकीत थराच्या, आधी लाकूड सील करायला वडिलांच्या पद्धतीने स्पिरिटमध्ये भिजवलेला, वरचा निवळ घेतलेला चपडा हाताशी होता. दोन हात मारले. ट्यूबलाइटखाली बरं दिसलं. दाराशी उजेडात नेली आणि पोटात गोळा आला. शेवाळलेल्या विहिरीसारखा हिरवा!

चूक माझीच. चपडा नारिंगी-पिवळा, त्यात मेपलही मुळात पिवळसर. निळ्यावर पिवळं चढलं की काय होतं, हे शाळेतलं पोरगंही सांगेल. घासून पुन्हा सुरुवात करावी, तर फळी आधीच पातळ.

शेजारच्या गाळ्यात मूर्तिकार काका गणपतीचं पीतांबर रंगवत होते. हंगामात त्यांना हाक मारायची हिंमत होत नाही, पण मारली. हात पुसत आले, गिटार उजेडाकडे तिरकी धरली.

"पिवळं आलंय रे. पिवळ्याला जांभळा मारतो. पण थेंबाने घाल, नाहीतर वांगं होईल."

पारदर्शक लॅकरमध्ये जांभळा डाय थेंबाथेंबाने मिसळत मेपलच्या उरलेल्या तुकड्यांवर तोच सगळा क्रम करून पाहिला. पहिल्या तुकड्याचं खरंच वांगं झालं. तिसऱ्यावर हिरवट झाक गेली.

तेवढ्यात चारच्या सुमारास सर आली. अशा दमट हवेत लॅकरची स्प्रे गन धरायची नाही. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर जमतं आणि लॅकर दुधाळ होतं. रात्रभर गिटार कापडाखाली आणि मी जागा. सकाळी उघडीप मिळाली. लॅकर सावकाश सुकावं म्हणून त्यात रिटार्डर घातला आणि तीन हलके हात मारले. तिसऱ्या हाताला निळा परत आला, पट्टे आतून हलल्यासारखे.

न्यायला आला तेव्हा पोराने विचारलं, "उन्हात उडेल का?" १९५८ ते १९६० मधल्या गिब्सनच्या सनबर्स्ट (कडेला लाल, मध्ये पिवळ्या) लेस पॉल गिटारींचा लाल कसा उडत गेला आणि तशा फिक्या गिटारींवरही लोक आज किती जीव टाकतात, ते त्याला सांगितलं. मग म्हटलं, "तरी खिडकीत ठेवू नकोस."

चपड्याचा डबा आता फक्त लाल आणि मधाळ कामांसाठी काढतो.