आकाशात अनोळखी दिवा दिसला तर नोंद कशी करायची

संध्याकाळी कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर कुणाला पश्चिमेकडे चमकता ठिपका दिसला, की पाच मिनिटांत व्हिडिओ सगळीकडे फिरतो. पण त्यातून तपास करणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. हलतोय तो दिवा की मोबाइल, हेसुद्धा कळत नाही.

अमेरिकी हवाई दलाच्या 'प्रोजेक्ट ब्लू बुक' या अनोळखी उडत्या वस्तूंच्या तपास प्रकल्पाने १९४७ ते १९६९ मधल्या १२,६१८ नोंदी तपासल्या. त्यातल्या ७०१ शेवटपर्यंत उलगडल्या नाहीत. 'माहिती अपुरी' असा वेगळा शेराच होता आणि तो टाळणं पाहणाऱ्याच्याच हातात असतं. नागरिकाकडून भरून घ्यायच्या प्रश्नावलीत विचारत: काचेतून पाहिलंत का? चष्मा होता का? दिवा पहिल्यांदा आणि शेवटी किती उंचीवर होता, ते आकाश म्हणून काढलेल्या कमानीवर खूण करून दाखवा. हात लांब करून धरलेल्या टाचणीच्या डोक्याएवढा होता, वाटाण्याएवढा की नाण्याएवढा?

या शेवटच्या प्रश्नात खरी मेख आहे. रात्रीच्या आकाशात दिव्याचा खरा आकार माहीत नसेल तर अंतर कळत नाही आणि अंतराशिवाय वेगही काढता येत नाही. म्हणून 'दोन किलोमीटरवर होता, प्रचंड वेगात गेला' हे वाक्य निरुपयोगी. कोन मात्र कुणालाही मोजता येतो. हात ताठ करून धरलेली मूठ साधारण १० अंश, करंगळी १ अंश, पूर्ण चंद्र अर्धा अंश. क्षितिजापासून मुठीवर मूठ रचत वर जा आणि आकडा लिहा. दिशेसाठी मोबाइलच्या होकायंत्रावर विसंबू नका. चुंबकाचं कव्हर किंवा शेजारची गाडी त्याला सहज चकवते. त्याऐवजी 'समोरच्या टाकीच्या डाव्या कडेवर' असं लिहा आणि उभं राहिलेली जागा पक्की लक्षात ठेवा. मग दर दहा मिनिटांनी पुन्हा मोजा. तारा किंवा ग्रह असेल तर तेवढ्या वेळात साधारण अडीच अंश सरकतो.

लडाखमध्ये पँगाँग परिसरात जवानांना महिनोन्महिने दिसलेले दिवे चिनी ड्रोन असावेत, अशी शंका होती. बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने तपासलं, तेव्हा ते गुरू आणि शुक्र निघाले. २०१३ मध्ये ही गोष्ट बाहेर आली. सीमेवरच्या सरावलेल्या नजरेलाही ग्रह फसवतात, तर आपली काय कथा!

कोल्हापुरात आधी उजळाईवाडी विमानतळाचं विमान वगळा. ते थेट आपल्या रोखाने येत असेल तर त्याचा समोरचा दिवा काही मिनिटं जागच्या जागी टांगल्यासारखा दिसतो. वळलं की लाल-हिरवे दिवे दिसतात. अंतराळ स्थानक लुकलुकत नाही, फार तर सहा मिनिटं दिसतं आणि पृथ्वीच्या सावलीत शिरलं की भर आकाशात विझतं. एका ओळीत ठिपके असतील तर बहुधा स्टारलिंकचे इंटरनेट उपग्रह.

सोबत असलेल्या प्रत्येकाने आपसांत बोलायच्या आधी वेगवेगळं लिहावं. एकदा चर्चा झाली की सगळ्यांना एकच रंग आठवतो. फोटोत खांब किंवा गच्चीचा कठडा येऊ द्या, मोबाइल भिंतीला टेकवा. झूम करू नका. फोकस चुकला की ठिपक्याची चकती होते आणि तिलाच लोक 'यान' म्हणतात. मूळ फाइल जपून ठेवा, व्हॉट्सॲपवरून आलेल्या प्रतीत वेळेची माहिती उरत नाही.

काही खाली पडलं तर मात्र लांब राहा. २ एप्रिल २०२२ ला चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरीत धातूचं मोठं कडं पडलं होतं. रॉकेटच्या अवशेषात विषारी इंधन उरलेलं असू शकतं, म्हणून हात न लावता ११२ ला फोन करा.