माझा अनुभव: जिनिंगचं सॉफ्टवेअर आणि दसऱ्याची तारीख

जिनिंगच्या (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या) सॉफ्टवेअरची तारीख आपण ठरवत नाही, पऱ्हाटी म्हणजे कापसाचं पीक ठरवते. दसऱ्याच्या आगेमागे सीतादही (वेचणीआधीची शेतातली पूजा) होते, पहिला वेचा म्हणजे पहिल्या वेचणीचा कापूस घरात येतो आणि दिवाळीच्या खर्चासाठी कास्तकार गाड्या भरायला लागतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंगच्या कापूस खरेदीच्या सॉफ्टवेअरचं काम आम्हा तिघांकडे आलं तेव्हा ऑगस्ट लागला होता. काट्यावरचं वजन थेट संगणकात यावं, पावती निघावी, चुकाऱ्याचा (शेतकऱ्याला मालाचे पैसे देण्याचा) हिशेब लागावा, एवढीच मागणी. शेठजींचा प्रश्नही एकच: "दसऱ्याला होते का भाऊ?"

कामाचे पाच तुकडे केले आणि प्रत्येकाला दिवसांचे तीन आकडे दिले: सुरळीत गेलं तर, बहुधा, आणि फसलं तर. शेतकरी नोंदणी 3, 4, 8. काट्याची जोडणी 2, 5, 20. पावतीची छपाई 2, 3, 10. चुकारा 6, 9, 18. नेट नसताना नोंद ठेवून नंतर पाठवणं 4, 8, 24. मधल्या आकड्यांची बेरीज 29. बहुतेक जण हीच सांगून मोकळे होतात आणि तिथेच फसतात, कारण काम लवकर आटपायला वाव थोडा असतो, लांबायला मात्र मोकळं रान.

म्हणून पर्ट (PERT) या कामाचे दिवस अंदाजण्याच्या पद्धतीचं सूत्र वापरलं. 1958 च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी ते बसवलं होतं. पहिला आकडा, मधल्याची चौपट आणि शेवटचा यांची बेरीज करून 6 ने भागायचं. काट्याचे 7 दिवस येतात, पाचही मिळून 35.5. मग प्रत्येक तुकड्याच्या शेवटच्या आकड्यातून पहिला वजा करून 6 ने भागायचं. तो त्याचा हेलकावा. हेलकावे सरळ बेरजेत घ्यायचे नाहीत. त्यांचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढायचं. ते आलं 5.2. त्याची दुप्पट 35.5 मध्ये मिळवली की 46 दिवस. फसलेल्या आकड्यांची बेरीज 80 होते, पण पाचही कामं एकदम फसणं दुर्मिळ. अपवाद एकच: सगळ्यांना एकच कारण नडलं तर. लाईन (वीज) दिवसदिवस गेली किंवा तिघांतला एक आजारी पडला, तर हे गणित फारच आशावादी ठरतं.

75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग सांगतो. तरी पहिल्या सरीवर पेरून दुबार पेरणी ओढवून घेणारे असतातच. आमच्याकडे ओल, म्हणजे पुरेशी माहिती, नव्हती ती काट्याबद्दल (2 ते 20 ही दरी बघा), म्हणून तारीख सांगण्याआधी दोन दिवस लॅपटॉप घेऊन काट्याच्या खोलीत बसलो.

काट्याचा इंडिकेटर (वजन दाखवणारा डबा) सिरीयल पोर्टातून, म्हणजे तारेच्या जोडणीतून, संगणकाला वजन सतत पाठवत राहतो. त्याचा वेग सेकंदाला 2400 बिट आणि आपल्या संगणकाचा 9600 असेल तर पडद्यावर नुसता कचरा येतो. वेग जुळूनही अक्षरं चुकीची आली तर पॅरिटी (चूक ओळखायला जोडलेल्या जादा बिटची सेटिंग) बघायची. काहीच आलं नाही तर केबलमधल्या 2 आणि 3 नंबरच्या तारा उलटसुलट आहेत का ते तपासायचं. यूएसबी कन्व्हर्टर दुसऱ्या खाचेत लावला की पोर्टचा नंबर बदलतो आणि सकाळी सगळं बंद दिसतं. गाडी काट्यावर चढल्यावर आकडा डोलतो, म्हणून 3 सेकंद तोच आकडा टिकला तरच नोंदवायचा. एवढं सगळं दीड दिवसात सुटलं. खरी अडचण कागदावर कुणालाच सुचली नव्हती. भरलेल्या गाडीचं वजन सकाळी होतं, रिकामीचं दुपारी, आणि जोडी लावायची गाडीच्या नंबरावरून. बैलबंडीला नंबर कुठला? टोकन द्यावं लागणार होतं.

काट्याचे आकडे 3, 4, 6 झाले, टोकनपायी नोंदणीत एक दिवस वाढला आणि 46 चे 42 झाले. बसून घालवलेले दोन दिवस धरूनही फायदाच. आठवड्याला सहा दिवस धरून सात आठवडे. त्यात पोळा, तान्हा पोळा, गणपती, महालक्ष्म्या. शेठजींना आठ आठवडे सांगितले.

42 मधले हेलकाव्यापोटी धरलेले राखीव 8 दिवस प्रत्येक कामात वाटले नाहीत; वाटले की ते मुकाट्याने खर्च होतात. सगळे शेवटी एकत्र ठेवले आणि दर शनिवारी मोजले. काम एक तृतीयांश झालं आणि राखीव निम्मी गेली, तर काहीतरी गाळायचं. काय गाळायचं तेही आधीच लिहून घेतलं होतं: आधी आलेख, मग एसएमएस, मग शेतकऱ्याचा फोटो. वजन, पावती आणि चुकारा यांना हात नाही. "90 टक्के झालं" हे उत्तर चालत नाही. दोन दिवसांहून मोठं काम फोडायचं आणि ते झालं किंवा नाही, एवढंच विचारायचं. उशीर झाल्यावर चौथा माणूस आणायचा मोह टाळावा. त्याला समजावण्यात आपलेच दिवस जातात.

हंगामाच्या सुरुवातीला कापसाची आवक थोडी असते. ते दोन आठवडे हाताचं पावती पुस्तक आणि संगणक दोन्ही चालवायचं. रोज संध्याकाळी मुनीमजींबरोबर दोन्हीकडचे क्विंटल आणि रुपये ताडून बघायचे. फरक बहुधा ओलाव्याच्या कपातीत पैसे पूर्णांकात आणताना किंवा रिकाम्या गाडीचं वजन दोनदा चढल्यामुळे येतो. कारण सापडेपर्यंत पुस्तकातला आकडा खरा धरायचा आणि चुकारा त्यावरच द्यायचा.