दोरीचं अंतर

१८ जानेवारी २०२६, रविवार

पहाटे साडेपाचला माझ्या तांबी कुत्रीनं गार नाक हाताला लावून उठवलं. सोलापुरात सिद्धेश्वराची गड्डा यात्रा चालू आहे, रात्री उशिरापर्यंत माणसांची ये-जा होती, त्यामुळे गल्ली अजून गाढ झोपलेली. दुर्बीण गळ्यात, तांबी स्कूटीवर पायाशी, आणि तुळजापूर रस्त्यानं सरळ हिप्परग्याच्या तळ्यावर. पोचलो तेव्हा पुरतं उजाडलं नव्हतं. पाण्यावरून वाफ निघत होती. दिसण्याआधी ऐकूच आलं: वारकरी पाणपक्ष्यांची कुजबुज, लांब कुठेतरी टिटवी, आणि त्या सगळ्यांच्या खालून येणारा तो घोगरा, नाकातला आवाज. पट्टकादंब!

आदिला नदी अडवून हा एकरुख तलाव १८७१ साली पुरा झाला. दुष्काळी मुलखाला पाणी मिळावं म्हणून केलेल्या या तळ्यावर मंगोलिया, तिबेट, लडाखकडची पाखरं हिमालय ओलांडून हिवाळा काढायला येतात, याचं मला दरवर्षी नव्यानं अप्रूप वाटतं. रत्नागिरीची मावसबहीण म्हणते, तुमच्या सोलापूरला सगळं आहे, फक्त समुद्र नाही. जानेवारीतल्या पहाटे इथे काठानं चालताना मला तरी काही कमी वाटत नाही.

त्रेचाळीस पट्टकादंब मोजले. दुसऱ्यांदा मोजले तेव्हा एकेचाळीस झाले, पण दोन शेवाळाच्या पट्ट्यामागे गेलेले दिसले होते, म्हणून त्रेचाळीसच धरते. पांढऱ्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे दुर्बिणीतून अगदी स्वच्छ दिसत होते. बहुतेक जण पिसं साफ करत उभे, चार-पाच बसलेले. एकाची मान वर होती. कळपात एक-दोघं जागी असतात, तेवढं चालतं. पाच-सहा माना एकदम वर झाल्या की समजायचं, आपण नको इतके जवळ आलो. मग थांबायचं नाही, मागे यायचं.

हे मी गेल्या जानेवारीत शिकले, आणि वाईट रीतीनं शिकले. तांबी तेव्हा वर्षाची होती. गावठी जात, कान सतत उभे, पायांत वारं. माझ्या हातातून साखळी सुटली आणि ती सरळ कळपावर धावली. तिनं कुणाला धरलं नाही, धरणं शक्यही नव्हतं. पण सगळा कळप ओरडत उठला, तळ्यावर दोन फेऱ्या घालून पार उत्तरेकडे दिसेनासा झाला. मी तासभर वाट पाहिली. परत आले नाहीत. या पाखरांना मार्चच्या सुमाराला परतीची वाट धरायची असते, त्यासाठी अंगावर चरबी साठवायची असते. भ्यालेलं प्रत्येक उड्डाण त्या साठ्यातून जातं, आणि जेवढा वेळ उडण्यात गेला तेवढा चरण्यातून गेला. तांबीचा त्यात दोष नव्हता. तिनं कुत्र्यानं करायचं तेच केलं. साखळी माझ्या हातात होती.

तेव्हापासून पाच मीटरची सुती दोरी, छातीपट्ट्याला बांधलेली, आणि तिचं दुसरं टोक माझ्या मनगटाला दोन वेढे देऊन. चिखलाच्या कडेला उतरायचं नाही, बांधावरूनच चालायचं.

बांधाच्या कोपऱ्यावर जाळं सोडवत बसलेले मामा भेटले. म्हणाले, "रात्री मोकाट कुत्री आलती ओ ताई. समदी बदकं वरडत उठली. तुमचं बरं हाय, बांधून आणता." मला त्या कौतुकानं उलट अवघडल्यासारखंच झालं.

पुढे बाभळीखाली बसलो. थापट्या बदकांचा एक घोळका गोल गोल फिरत चोची पाण्यात घालून गाळत होता. पुढच्यानं ढवळलेलं मागच्याला मिळतं, अशी ती फिरती पंगत. त्यांच्या अलीकडे हळदीकुंकू बदकांची जोडी. काळ्या चोचीचं टोक पिवळं, बुडाशी तांबडा ठिपका. काल संध्याकाळी शेजारच्या काकूंकडे हळदीकुंकवाला गेले होते, रथसप्तमीपर्यंत आता रोज कुणाचं तरी बोलावणं असेल. ज्यानं कुणी या बदकाला हे नाव दिलं, त्याच्या किंवा तिच्या डोळ्यांना मनापासून नमस्कार.

पाणी अजून भरपूर आहे, चिखलपट्टी फारशी उघडी पडलेली नाही, म्हणून छोटे पाणपक्षी कमी. फेब्रुवारीअखेर पाणी मागे सरलं की वाढतील. तरी बसल्या जागेपासून पंधरा-वीस पावलांवर एक छोटा टिलवा आला. मुठीत मावेल एवढा, पंचवीस-तीस ग्रॅमचा जीव, आणि याचं घरटं आर्क्टिकच्या टुंड्रात. चिखलात चोच शिवणयंत्राच्या सुईसारखी चाललेली. तांबीचं सगळं अंग ताणलं. दोरीतून तिची थरथर माझ्या मनगटात येत होती. मी तिच्या छातीवर हात ठेवला. काळीज धाडधाड. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग हळूच पुढचे पाय पसरून आडवी झाली, डोळे मात्र त्याच्यावरून हलले नाहीत. टिलवा टिपत टिपत अजून दोन पावलं जवळ आला आणि निघून गेला, त्याच्या वेळेनं, त्याच्या वाटेनं.

नान्नजला मात्र तिला कधीच नेणार नाही. तिथे १९७९ साली माळढोकांसाठी अभयारण्य झालं. मी सहावीत असताना बाबांनी पहाटे नेलं होतं. गवतात उंच मानेचा नर, आणि बाबांनी माझा खांदा इतका घट्ट धरलेला की अजून आठवतो. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. माळरानं तुटली, विजेच्या तारा आल्या, आणि आता तिथे माळढोक दिसणं म्हणजे नवससायास. धाविक, चंडोल, माळटिटवी, तीही सगळी जमिनीवरच घरटी करणारी. तिथे दोरीनं बांधलेलं कुत्रंसुद्धा जास्तच.

साडेनऊला परतलो. तांबी आल्या आल्या झोपली, झोपेत पाय हलतायत. दोरी धुवायला घेतली तर पट्ट्याच्या गाठीपाशी एक पेड उसवलेला दिसला. उद्या मधल्या मारुतीजवळून नवी आणायची, जरा जाड.