मोजायचेच आहेत, तर मारता कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट लिहिते. तळाशी राहणारे मासे किती उरलेत हे पाहायला आम्ही तळ घासत जाणारं ट्रॉल जाळं ओढतो, आणि वर आलेले बहुतेक मासे मरतात. ‘कॅमेरा लावा की,’ असं मला किती जणांनी सुचवलंय! लेप मासा वाळूत अंग पुरून नुसते डोळे वर ठेवतो, आणि किनाऱ्याजवळ पाणी गढूळ असलं की तेही दिसत नाहीत. ध्वनिलहरी सोडाव्यात, तर तळाला चिकटलेल्या माशाचा प्रतिध्वनी तळाच्याच प्रतिध्वनीत बुडून जातो. वय कळतं ते माशाच्या कानातल्या खड्यावरची वलयं मोजून. तो खडा जिवंत माशाचा काढता येत नाही.

‘मग मच्छीमारांचे आकडे घ्या.’ मच्छीमार मासा असेल तिथेच जाणार, त्याचं पोट आहे त्यावर. आमच्या जागा खोलीनुसार पट्टे पाडून, चिठ्ठी टाकावी तशा निघतात. मासा असो वा नसो, तिथेच जायचं. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडचा कॉड मासा कमी होत गेला तसा उरलेला एकत्र गोळा झाला आणि बोटींना मासा मिळत राहिला, त्यांच्या आकड्यांत घट दिसलीच नाही. १९९२ साली तिथली मासेमारी बंद करावी लागली. म्हणून रिकामं आलेलं जाळंही मी तितक्याच काळजीने लिहून ठेवते. इथवर मी ठाम आहे.

पण एका पाकटाचं, म्हणजे पसरट पंखांच्या त्या चपट्या माशाचं, मला अजून पचलेलं नाही.

जाळ्याची नेहमीची ओढ होती: ३ नॉट वेग, ३० मिनिटं. १५ मीटर उघडलेलं जाळं तेवढ्या वेळात साधारण ४ हेक्टर तळ झाडून काढतं. खोला, म्हणजे जाळ्याची मासे साठणारी शेवटची पिशवी, डेकवर मोकळा केला तेव्हा ढिगाच्या कडेला ती होती, पोट फुगलेलं, डोळ्यांमागची छिद्रं उघडझाप करत होती. पाकटाला वाताशय, म्हणजे पोटातली हवेची पिशवी, नसतो, त्यामुळे वर ओढल्याने तो फुटायचा प्रश्नच नव्हता. लगेच सोडली असती तर कदाचित जगली असती. मी म्हटलं, आधी ढिगाचं वजन होऊ दे, मग हिची रुंदी घेऊ. क्रम मोडला की चुका होतात, हे मीच नव्या मुलांना शिकवायचे. फळीवर घेतली तेव्हा तिच्याखालून पिल्लं बाहेर आली. चार. पंख सुरळीसारखे गुंडाळलेले, शेपट्या मऊ. वेळेआधीची. एकाने पंख उलगडला आणि तसंच राहिलं. मी पाचही जणांना पाण्यात सोडलं. आई तिरकी बुडत गेली.

तेव्हा मी स्वतःला समजावलं होतं, एवढ्या मासेमारीपुढे आमची ओढ म्हणजे दर्या में खसखस. हिशेब बरोबरच आहे. पण त्या हिशेबाने वजनाआधी तिला का सोडलं नाही याचं उत्तर मिळत नाही, आणि तेव्हाची मी ते कबूल करत नव्हते. आता पाकट, मुशी आधी उचलून पाण्याच्या टबात ठेवतो, घाईने मोजून सोडतो. घाईत मोजमाप चुकतं, हेही खरं. ओढ मात्र तशीच ठेवली आहे: तेच जाळं, तोच वेग, तीच ३० मिनिटं. बदलली तर यंदाचा आकडा मागच्या वर्षांशी ताडून पाहता येणार नाही.

त्या दिवसाच्या तक्त्यात ‘पाकट, मादी, १’ असं आहे. पिल्लांना रकाना नव्हता. ती मी शेऱ्यात लिहिली.