चौदा सेशन झाली: प्लॉटची वही मिटली, माणसांची उघडली

टेबलाभोवती बसून खेळायच्या रोलप्लेइंग खेळाचं (प्रत्येक खेळाडू एकेक पात्र होऊन गोष्ट पुढे नेतो) कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणारी एकच गोष्ट, सुरू करतानाच ठरवलं होतं, सेशन संपलं की त्याच रात्री टिपणं काढायची. दुसऱ्या दिवशी लिहायला बसलं की काय घडलं तेवढं आठवतं, पण कोण कुठे गप्प झालं ते विसरायला होतं. मला तर नेमकं तेच हवं होतं. चौदा सेशनची टिपणं परवा सलग वाचली. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतोय.

आधी मांडणी सांगतो. चार खेळाडू आणि मी जीएम, म्हणजे खेळ चालवणारा आणि बाकीचं जग सांभाळणारा. सिस्टिम, म्हणजे खेळाची नियमावली, व्हिन्सेंट बेकर यांच्या २०१० सालच्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' या खेळाच्या घराण्यातली. सहा बाजूंचे दोन फासे टाकायचे आणि बेरजेत पात्राचा स्टॅट, म्हणजे त्याच्या गुणाचा आकडा, मिळवायचा. १० किंवा वर आलं तर काम फत्ते, ७ ते ९ आलं तर काम होतं पण किंमत मोजून, ६ किंवा खाली आलं तर पुढची चाल जीएमची. जीएम स्वतः फासे टाकतच नाही, त्यामुळे माझं सगळं लक्ष समोरच्या चेहऱ्यांवर राहतं. गोष्ट घडते नदीकाठच्या एका जकातीच्या गावात. पात्रं चार: नावाडी, वैदूबाई, सैन्यातून पळून आलेला शिपाई आणि दरबारातून काढून टाकलेला लेखनिक.

सेशन शून्यला, म्हणजे खेळाआधीच्या तयारीच्या बैठकीला, पूर्ण संध्याकाळ दिली. फासे पिशवीतून बाहेरही काढले नाहीत. 'बर्निंग व्हील' या खेळात प्रत्येक पात्राच्या तीन 'बिलीफ', म्हणजे त्याच्या मनातल्या पक्क्या धारणा, लिहितात, ती कल्पना मी उचलली, फक्त तीनऐवजी दोनच मागितल्या. पहिली पात्र उघडपणे बोलून दाखवेल अशी आणि दुसरी मरेपर्यंत बोलणार नाही अशी. नावाड्याची दुसरी बिलीफ होती: "भाऊ बुडाला तेव्हा माझा हात त्याच्यापर्यंत पोचत होता, हे कुणाला कळता कामा नये." हे एक वाक्य माझ्या पुढच्या नऊ सेशनांना पुरलं.

त्याच संध्याकाळी काय खेळात नकोच आणि काय पडद्याआड चालेल, याची यादी केली. एका खेळाडूने लहान मुलाचा मृत्यू पडद्याआड ठेवायला सांगितला. म्हणून बुडालेला भाऊ वयाने मोठा केला आणि बुडण्याचा प्रसंग कधीही वर्णन करायचा नाही असं ठरलं. जॉन स्टॅव्हरोपुलॉस यांचं एक्स-कार्डही टेबलावर ठेवलं; नकोसं काही आलं की कुणीही त्याला हात लावायचा आणि ते तिथेच सोडायचं. चौदा सेशनमध्ये त्याला एकदाच हात लागला. तो सीन आम्ही तिथेच सोडला, कुणी कारण विचारलं नाही आणि खेळ पुढे गेला. जड विषयाला हात घालायचा असेल तर ही तयारी हवीच, असं माझं ठाम मत आहे. कुठे थांबायचं हे ठरलेलं असलं की खेळाडू जास्त मोकळेपणाने खोल पाण्यात उतरतात.

सेशन १ आणि २ ओळखीपाळखीत गेली. त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही.

सेशन ४ मात्र फसलं. मी सात पानांची प्रेप (आधीची तयारी) केली होती. गावचा मुखिया फितूर आहे आणि रात्रीच्या मेजवानीत ते उघड होणार, असा सगळा बेत. खेळाडूंना त्या मेजवानीत काडीचा रस नव्हता. त्यांना शिपायाच्या जुन्या तुकडीतली बाई गावात कशाला आली ते शोधायचं होतं. मी त्यांना ओढून ओढून मेजवानीला नेलं, फितुरी उघड केली आणि टेबल थंड पडलं. निघताना एक जण म्हणाली, "आज आम्ही तुझी गोष्ट पाहिली." तिने ते प्रेमाने सांगितलं होतं, पण रात्रभर डोक्यातून गेलं नाही. सात पानांत मुखियाचं कारस्थान तपशीलवार होतं आणि चार पात्रांपैकी एकाचंही नाव नव्हतं.

सेशन ५ पासून प्रेप एका पानावर आणली. पानावर चौघांच्या बिलीफ, प्रत्येकीवर बोट ठेवणारा एक एनपीसी (जीएम चालवतो ते पात्र), त्या एनपीसीला आज रात्री काय हवंय ते एका ओळीत, आणि ज्यांची उत्तरं मला माहीत नाहीत असे तीन प्रश्न. एवढंच. बाहेरच्या जगाचं घड्याळ मात्र माझ्या हातात ठेवलं. सहा घरांचं एक वर्तुळ काढून त्याला नाव दिलं 'दरबाराला बातमी पोचते'. खेळाडू गावातल्या भानगडींत गुंतले की एक घर भरायचं, तेही सगळ्यांसमोर. घर भरताना टेबलावर जी शांतता पसरते ती वर्णनाने येत नाही.

याच सुमारास प्रश्न विचारायची पद्धतही बदलली. पूर्वी मी विचारायचो, "तू हिला ओळखतोस का?" उत्तर यायचं "नाही" आणि सीन तिथेच संपायचा. आता विचारतो, "हिच्याशी शेवटचं भांडण कशावरून झालं होतं?" ओळख गृहीत धरलेली असते, कारण खेळाडू पुरवतो. तीन-चार सेकंद थांबावं लागतं. त्या सेकंदांत आपण बोलायचं नाही, हे शिकायला मला सर्वात जास्त वेळ लागला.

आता सेशन ९. ही टिपणं लिहायला घेतली ती खरं तर याच सेशनसाठी. रात्रीची वेळ, चौघं वैदूबाईच्या रुग्णाला लपवून नदीपार नेताहेत. घाटावर जकातवाली उभी. ती नावाड्याच्या बुडालेल्या भावाची बायको. नावाडी तिला म्हणतो, "जाऊ दे, उद्या सगळं सांगतो." मी फासे टाकायला सांगितले. त्याचा स्टॅट अधिक एक. त्यावर ७ ते ९ यायची शक्यता ३६ पैकी १६, म्हणजे सर्वात मोठा वाटा 'होईल, पण' या उत्तराचाच. आले आठ. मी म्हटलं, "ती साखळी सोडायला तयार आहे. पण उद्या नाही. त्या रात्री तू कुठे होतास, ते आत्ता सांग."

खेळाडू गप्प. मीही गप्प. फासे तसेच पडलेले. एवढ्यात वैदूबाईची खेळाडू हळूच म्हणाली, "मी कंदील खाली करते. त्याचा चेहरा कुणाला दिसू नये म्हणून." आणि तिने खरोखर आपला हात टेबलाच्या कडेखाली नेला. मग नावाडी बोलला. चारच वाक्यं. खरं सांगितलं. मी जकातवालीच्या तोंडी एकही शब्द घातला नाही. फक्त सांगितलं, साखळी सुटल्याचा आवाज येतो, आणि सीन तिथेच कापला. पुढे ती काय म्हणाली असेल हा प्रश्न तीन सेशन टेबलावर लोंबकळत राहिला आणि त्याचा प्रत्येक एनपीसीच्या वागण्यावर परिणाम झाला. माझ्या प्रेपच्या पानावर कंदील नव्हता. मला तो सुचलाही नसता.

एक कमतरता अजून आहे. सेशन ६ पासून कोणाच्या वाट्याला किती सीन आले याच्या रेघा मारतो. नावाडी आणि वैदूबाई सतत पुढे, लेखनिक मागे. त्याचा खेळाडू स्वभावाने शांत आहे म्हणून तसं होतंय, असं मला वाटायचं. बिलीफ पुन्हा वाचली तेव्हा दोष माझ्या बाजूला सापडला. "मी लिहिलेलं कधी खोटं नव्हतं", हे त्याचं वाक्य, आणि त्यावर बोट ठेवणारं कुणीच मी गावात आणलं नव्हतं. सेशन १२ मध्ये त्याच्याच अक्षरातलं एक बनावट फर्मान घेऊन स्वार आला. त्या रात्री लेखनिकाच्या नावापुढे पाच रेघा पडल्या.

सध्या घड्याळाची सहापैकी पाच घरं भरलीत. पंधराव्या सेशनच्या पानावर तीन प्रश्न लिहून ठेवलेत. पहिला जकातवालीसाठी आहे: दरबाराचे लोक घाटावर आले, तर ती साखळी लावेल की सोडेल? उत्तर मी ठरवलेलं नाही. नावाड्याच्या खेळाडूने कालच निरोप पाठवलाय, सेशन लवकर ठेवता येईल का म्हणून.