केसभर

विल्यम कॅरी म्हटलं की पुस्तकांत थोडंफार नाक खुपसणाऱ्या मराठी माणसाला श्रीरामपूरचा मिशनरी आठवतो. बंगालमधलं श्रीरामपूर, आपलं नगरचं नव्हे. मूळचा जोडे शिवणारा गृहस्थ. 1805 साली त्याने मराठीचं व्याकरण छापलं आणि 1810 साली कोश. मला मात्र बोलायचंय ते दुसऱ्याच विल्यम कॅरीबद्दल. तोही त्याच काळातला आणि तोही हातावर पोट असलेला. लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावर 182 नंबरचं त्याचं दुकान होतं आणि तिथे तो वैज्ञानिक उपकरणं बनवून विकायचा.

अशा दुकानांचं मला विलक्षण आकर्षण आहे. आत सेक्स्टंट म्हणजे खलाशांची कोन मोजायची यंत्रं, वायुभारमापक, सूक्ष्मदर्शक, दुर्बिणी. कॅरीचा भाऊ जॉन नकाशे करणारा, त्यामुळे दोघांनी मिळून पृथ्वीचे आणि आकाशाचे गोलही बाजारात आणले. एकाने कागद कोरायचा, दुसऱ्याने पितळ. शिवाय आमचे विल्यमराव रोजच्या हवामानाच्या नोंदी ठेवत आणि त्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ नावाच्या मासिकात वर्षानुवर्षं त्यांच्या नावाने छापून येत. आज पारा इतका, आकाश ढगाळ. लंडनमध्ये याहून वेगळं काय लिहिणार, पण लिहिलं. मापं घेण्याचा नाद लागलेला माणूस दुकान बंद करून घरी गेला तरी सुटत नाही.

कॅरीचा गुरू जेसी रॅम्सडेन. वर्तुळावर अंशांच्या रेघा यंत्राने पाडण्याचं काम या माणसाने असं काही साधलं की युरोपभरच्या वेधशाळा त्याच्या दारात रांगा लावून उभ्या. फक्त एकच खोट होती, वस्तू वेळेवर मिळेल ही आशा सोडायची. डब्लिनजवळच्या डनसिंक वेधशाळेने 1785 साली सांगितलेलं वर्तुळयंत्र 1808 साली पोचलं, तोवर रॅम्सडेन वारून आठ वर्षं झाली होती. राजाने बोलावलं तेव्हा तो म्हणे अचूक त्या तारखेला, अचूक त्या वेळेला हजर झाला, फक्त एका वर्षाने. आपल्याकडच्या फर्निचरवाल्यांना आणि शिंप्यांना उगाच नावं ठेवतात, परंपरा मोठी आहे. कॅरीने गुरूची कला उचलली. बाकीचं किती उचललं कुणास ठाऊक, पण ईस्ट इंडिया कंपनीने सांगितलेला मोठा थिओडोलाइट त्याने करून दिला, आणि 1802 साली तो मद्रासेत पोचलासुद्धा.

थिओडोलाइट म्हणजे कोन मोजणारी दुर्बीण. सिव्हिलच्या पोरांनी कॉलेजात तिपाईवर लावलेला असतो, तोच. कॅरीचा मात्र तिपाईवर बसणारा नव्हता. त्याचं आडवं पितळी चाक 36 इंच व्यासाचं होतं आणि सगळं मिळून वजन अर्ध्या टनाच्या घरात. बारा माणसं लागायची उचलायला. एवढं धूड कशासाठी, हा प्रश्न मलाही पडला होता, म्हणून कागद-पेन्सिल घेऊन बसलो. चाकाचा घेर सुमारे 113 इंच. त्याचे 360 भाग केले की एका अंशाला जेमतेम 8 मिलिमीटर मिळतात. अंशाचे 60 भाग म्हणजे कला, कलेचे 60 भाग म्हणजे विकला. एक विकला चाकाच्या कडेवर भरते 0.0022 मिलिमीटर! माणसाच्या केसाची जाडी त्याच्या तीसपट. त्या रेघा सूक्ष्मदर्शकातून वाचायच्या. आणि 30 मैलांवरच्या टेकडीवर निशाण रोवलं असेल, तर कोनात एका विकलेची चूक म्हणजे तिकडे नऊ इंचांचा फरक. चाकाच्या कडेवर केसभर चुकलात तर टेकडीवर सात मीटर! केसाने गळा कापणे आपण भलत्याच अर्थाने म्हणतो.

हे यंत्र मागवलं होतं विल्यम लॅम्बटन या लष्करी अधिकाऱ्यासाठी. हिंदुस्थान त्रिकोणांनी मोजायचा घाट त्याने घातला होता. जमिनीवरची एक सरळ रेघ, म्हणजे पाया, काळजीपूर्वक मोजायची, मग त्याच्या दोन टोकांवरून तिसऱ्या ठिकाणचे कोन घ्यायचे, उरलेल्या बाजू गणिताने काढायच्या, आणि त्या बाजूंवर पुढचा त्रिकोण उभारायचा. पहिला पाया त्याने एप्रिल 1802 मध्ये मद्रासेजवळ सेंट थॉमस माउंटपाशी मोजायला घेतला, सुमारे साडेसात मैलांचा. साखळी रॅम्सडेनच्या हातची, 100 फुटी, पोलादी. ती मूळची चीनच्या बादशहाकडे वकिलातीबरोबर गेलेली. तिकडे काही जमलं नाही, म्हणून फिरत फिरत कलकत्त्याला आलेली. थिओडोलाइटचा प्रवासही तसाच. वाटेत जहाज फ्रेंचांनी पकडलं आणि पेट्या मॉरिशसला उतरल्या. त्यांनी त्या उघडल्या, आत काय ते बघितलं, पुन्हा बांधल्या आणि फ्रेंच गव्हर्नरने सौजन्याचं पत्र जोडून मद्रासला रवाना केल्या. लढाई चालू असताना शत्रूचं यंत्र असं परत पाठवणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं. आता कस्टममध्ये अडकलेला साधा मोबाइल सोडवायला काय काय करावं लागतं ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा.

पण खरा प्रसंग 1808 सालचा. कावेरीच्या सपाट मुलखात टेकड्या नाहीत, दूरवर दिसायला उंची हवी, म्हणून लॅम्बटन देवळांच्या गोपुरांवर यंत्र चढवायचा. तंजावरला त्याने राजराज चोळाचं बृहदीश्वर निवडलं. शिखर 216 फूट. दोरखंड बांधून पितळी धूड वर ओढायला सुरुवात झाली. ताणाचा एक दोर तुटला आणि यंत्र सरळ दगडी भिंतीवर आपटलं. पेटी फुटली, आणि नेमका मार बसला तो चाकाच्या कडेवर. चाक वाकलं. वर केसाचा हिशोब सांगितला, तो ध्यानात घ्या आणि मग त्या वाकलेल्या चाकाकडे बघत उभ्या असलेल्या पन्नाशी ओलांडलेल्या लॅम्बटनची कल्पना करा. दुसरं यंत्र मागवायचं तर पत्र लंडनला पोचायला सहा महिने, तिकडे घडवायला दोन-चार वर्षं, पुन्हा जहाज, पुन्हा फ्रेंच.

लॅम्बटनने एक तंबू ठोकला आणि आत जाऊन बसला. मुख्य कारागिरांखेरीज कुणाला आत यायची परवानगी नाही. यंत्राचा सांगाडा पूर्ण सुटा केला. मोठी सपाट फळी घेऊन तिच्यावर मूळ मापाचं अचूक वर्तुळ कोरून घेतलं. मग पाचरी, स्क्रू आणि कप्प्या लावून वाकलेलं कडं थोडं थोडं बाहेर ओढत त्या वर्तुळात बसवत नेलं. वाकलेल्या आऱ्या लाकडी मोगरीने हलके हलके ठोकून सरळ केल्या. सहा आठवडे हे चाललं होतं. तंबूबाहेर दक्षिणेचं ऊन, आत ठक ठक, ठक ठक. स्ट्रँडच्या दुकानात कॅरी तेव्हा बहुधा ‘ढगाळ’ असं लिहीत असेल.

आणि चाक जवळजवळ पूर्ववत झालं. पूर्ववत नव्हे, ‘जवळजवळ’ पूर्ववत. मला या ‘जवळजवळ’चा फार लोभ आहे. कॅरीच्या कौशल्याबद्दल मला आदर आहेच, पण मन रमतं ते त्या तंबूत. शास्त्राच्या गोष्टींत नेहमी यंत्र घडवणारा आणि यंत्र वापरणारा एवढीच दोन पात्रं असतात. मोगरी हातात धरून बसलेल्यांना ओळ मिळत नाही. त्या तंबूतल्या कारागिरांची नावं कुठे सापडली नाहीत. त्यांनी पितळ ठोकायचं कुठे शिकलं असेल? भांडी करताना? तोफा करताना?

पुढची करामत लॅम्बटनच्या हाताखाली आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टची. यंत्रात दोष राहणारच, हे त्याने आधी मान्य करून टाकलं. मग एकच कोन मोजताना प्रत्येक वेळी चाक थोडं फिरवून शून्याची जागा बदलायची. एकदा कोन चाकाच्या चांगल्या भागावर पडतो, एकदा वाकड्या भागावर. इथे चूक वाढवते, तिथे तीच चूक घटवते. सरासरी काढली की दोष एकमेकांना बरेचसे खाऊन टाकतात. आमच्या घरात भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे आणि घरातल्या सगळ्यांना ते पाठ आहे, त्यामुळे कुणाचीही गाडी चुकत नाही. गोची होते ती पाहुण्यांची. हल्ली यंत्राच्या पडद्यावर आठ दशांश स्थळांपर्यंत आकडे आले की आपण मान डोलावतो. त्या जुन्या लोकांना आपल्या यंत्राची खोड माहीत असायची आणि कोणत्या कडेवर किती भरवसा ठेवायचा हेही.

शेताच्या मोजणीला उभं राहिलेल्या माणसाला यातलं बरंच न सांगता कळतं. आमच्याकडची मोजणी आधी फलकयंत्रावर, म्हणजे तिपाईवरच्या फळीवर नकाशा काढत झाली होती, आता रोव्हर नावाचं उपग्रहावरून जागा सांगणारं यंत्र घेऊन येतात. त्याआधी 33 फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, आणि 33 बाय 33 चा गुंठा. भाऊबंदांपैकी एकाने हरकत घेतली की यंत्र चुकतंय. मोजणीदार अनुभवी होते. शांतपणे म्हणाले, “काका, यंत्र जागेवर आहे, बांध चालत आलाय.” त्यावर दोन्ही बाजूंनी चहा मागवण्यात आला.

लॅम्बटनचं आणि आपलं नातं मात्र भलतंच थेट आहे. हैदराबादहून नागपूरकडे जाताना जानेवारी 1823 मध्ये तो वाटेत हिंगणघाटला वारला. कबर तिथेच आहे. हिंगणघाट म्हटलं की मला कापूसच आठवायचा. कन्याकुमारीकडून वर सरकत आलेली ती त्रिकोणांची साखळी वऱ्हाडातून पुढे गेली आणि हिमालयाच्या पायथ्याला टेकली. लॅम्बटनने ते पाहिलं नाही. 1825 साली कॅरीही गेला. दुकान चालूच राहिलं.

यंत्र निवृत्त झालं नव्हतं. 1830 साली एव्हरेस्ट विलायतेहून परतला तो ट्राउटन अँड सिम्स या कंपनीचा नवाकोरा 36 इंची थिओडोलाइट घेऊन, आणि सोबत हेन्री बॅरो नावाचा उपकरण बनवणारा कारागीर. नवं आलं म्हणून जुनं अडगळीत जायला हवं होतं. पण बॅरोने कॅरीचं यंत्र उलगडून पुन्हा नव्यासारखं उभं केलं. पुढे बॅरोचं आणि एव्हरेस्टचं फाटलं. एव्हरेस्टशी न फाटलेला माणूस शोधावाच लागतो. बॅरोनंतर त्या जागेवर आला अर्काटचा सय्यद मीर मोहसीन हुसेन. सर्वेक्षण खात्याचा अधिकृत उपकरणकार हा हुद्दा त्याला मिळाला, आणि एव्हरेस्टसारखा खवचट माणूस त्याचं कौतुक करत राहिला. स्ट्रँडवरच्या कॅरीला त्याच्या यंत्राच्या या नव्या पालकाचं नाव कळलं असतं तर उच्चारता आलं नसतं, पण काम बघून त्याने मान हलवली असती, एवढं मी माझ्या जबाबदारीवर सांगतो.

यंत्र आज डेहराडूनला भारतीय सर्वेक्षण विभागाकडे आहे. जाणं जमलं तर मला एकच बघायचंय, तंजावरची भिंत लागलेली ती कड. बॅरोच्या डागडुजीनंतर तिथे खूण उरली असेलच असं नाही. बोट फिरवून पाहता आलं तर कळेल. अर्थात, हात लावू देणार नाहीत.